वळिवड्याचं ताट

अल् घुब्रा, मस्कत
१० जुलै २०२५

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. न. वि. वि.

तुमचं जूनचं पत्र काल मिळालं. इथे टपाल दारात येत नाही, पोस्टातल्या पेटीपर्यंत आपणच जायचं असतं, आणि या उन्हात माझं तेवढंही होत नाही. पेटी अजून निशांतच्या नावावर आहे. मुदत संपली तेव्हा खिडकीवरच्या मुलीने नाव बदलायचं का विचारलं, मी नको म्हटलं. तेव्हा पाकिटावर त्याचं नाव लिहून तुम्ही ते पुन्हा खोडत जाऊ नका. टपाल त्या नावावरच येतं.

निशांतची बोट उलटली त्याला जूनमध्ये दोन वर्षं झाली. त्या दिवशी मुजम्मिल नेहमीसारखा आंब्याची पेटी घेऊन आला. त्या बोटीवरून परत आलेल्यांपैकी तो एक, म्हणून त्याला यावंसं वाटतं आणि आल्यावर काय बोलावं ते सुचत नाही. पाणी प्यायला आणि गेला. इरा दार लावून आत बसली होती. ती आता दहावीत आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे. मैत्रिणींशी इंग्रजी बोलते, माझ्याशी कामापुरतं मराठी, आणि बाबाविषयी कुठल्याच भाषेत नाही.

मी शाळेची नोकरी मार्चमध्ये सोडली. वर्गात उभं राहून बोलताना वाक्य कुठे निघालं होतं तेच विसरायला व्हायचं. आता घरी बसून दुसरं काम करते. मदिनत सुलतान काबूसला हालिना नावाची एक पोलंडची बाई राहते, नवरा इथे तेलाच्या कामात. तिचे आजोबा मागच्या महायुद्धात पोलंडच्या फौजेत होते. त्यांच्या पलटणीतल्या म्हाताऱ्यांनी पुढे इंग्लंडात टेपवर आपापल्या हकिकती सांगून ठेवल्या, त्यांची इंग्रजी भाषांतरं तिच्याकडे आहेत. त्या सगळ्या मी लावून देते. हालिनाची रीत अशी की प्रत्येक हकिकतीचे तीन रकाने करायचे. शिपायाने स्वतः पाहिलं ते पहिल्यात, दुसऱ्याकडून ऐकलं ते दुसऱ्यात, मागाहून वाटलं ते तिसऱ्यात. माणसं म्हातारपणी तिन्ही एकाच दमात सांगतात, ते सोडवायचं म्हणजे गुंता काढत बसायचं.

या लोकांना रशियाने बायकापोरांसकट घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. पुढे रशियाच जर्मनीविरुद्ध उभा राहिला तेव्हा सोडलं, आणि त्यांची फौज उभी राहिली. ती इराण, इराक, पॅलेस्टाइन करत इटलीत लढायला गेली. बायकापोरांना इराणातून छावण्यांत पाठवलं, त्यातली एक छावणी आपल्या कोल्हापूरशेजारी, वळिवड्याला. अण्णा, आमच्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही वळिवड्याच्या पोलंडवाल्यांचं काहीतरी सांगत होतात, मी लक्ष दिलं नव्हतं. आता सांगाल का? तुमचं म्हणणं पहिल्या रकान्यात बसेल.

हालिना विचारते, हे वाचून त्रास होत नाही का. एकाने इराणच्या किनाऱ्यावर उतरल्यावर सोबत्याला पोटभर मटण खाऊन मरताना पाहिलं, कारण उपाशी आतड्यांना ते सोसलं नाही. मी ते पहिल्या रकान्यात लिहिलं आणि चहा ठेवला. त्रास होत नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आत खटखट चाललेली कळते, पण आपलं काही नसतं, तसं झालंय. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आईंचा गुडघा कसा आहे ते कळवा. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच पुरे, तो कमी मात्र होऊ देऊ नका.

आपली
शुभदा


कोल्हापूर
२६ जुलै २०२५

चि. सौ. शुभदा हिस
अनेक उत्तम आशीर्वाद. चि. इरा हिला गोड पापा, उंच झाली असली तरी.

पत्र पोचलं. माझा उजवा कान आता पुरता गेला. डाव्यासाठी तुझ्या सासूला अगदी जवळ येऊन बोलावं लागतं, त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं म्हाताऱ्यांचं अजून फार जमतंय. म्हणून फोन करू नकोस, लिहीत जा.

तर वळिवडे. मी सात-आठ वर्षांचा असेन. रेल्वेच्या रुळांजवळ बराकी उठल्या होत्या, चटईच्या भिंती आणि वर कौलं. आमच्या दोन म्हशी होत्या आणि आई छावणीत दूध घालायची. तिच्या गिऱ्हाइकांत एक यानिनाबाई होती. आडनाव आम्हाला कधीच उच्चारता आलं नाही. नवरा फौजेत, दोन मुली जवळ. तिला मराठी येत नव्हतं आणि आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं, तरी दोघी तासभर बोलायच्या.

एकदा नाताळच्या आदल्या दिवशी आई दुपारचं दूध घालायला गेली, मी बरोबर होतो. यानिनाबाईने टेबल मांडलं होतं. माणसं तीन आणि ताटल्या चार. आईने खुणेने विचारलं, चौथं कुणाचं? तिने भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट केलं. आपल्याकडे नसलेल्या माणसाचं पान कधी मांडतात ते तुला ठाऊक आहे. आई जी निघाली ती रडतच घरी आली. गोऱ्या बाईचा दादला लढाईत गेला आणि बिचारी एकटीच त्याचं पान वाढतेय, असं तिने गल्लीभर सांगितलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी केली, आणि संध्याकाळी चार बायकांना घेऊन, डोक्यावरून पदर ओढून, बराकीत जाऊन खाली बसली. मी तिच्या मागे.

यानिनाबाई आम्हाला बघून आनंदाने टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्यात ते चौथं ताट न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी असतं, आणि जो दूर आहे तो कदाचित येईल म्हणून असतं, हे आम्हाला कुठलं ठाऊक? तिने आईला हाताला धरून उठवलं आणि त्याच ताटावर बसवलं. आईने उभ्या जन्मात वडिलांच्या आधी घास घेतला नव्हता. वडील जेवून उठले की त्यांच्याच ताटात वाढून घ्यायची. तुझी सासूही तशीच. फक्त तू लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला धुतलेलं ताट लागतं म्हणालीस, आणि निशांतने उठून तुझं ताट विसळून आणलं. त्या दिवशी हिचा चेहरा बघण्यासारखा होता. असो. आईने सामिष आहे का ते खुणेने विचारून घेतलं आणि खसखस घातलेल्या गोड शेवया खाल्ल्या, डोळे पुसत. पिठलं-भाकरी त्या पोरींनी संपवली.

खरं काय ते छावणीतल्या दुभाष्याकडून चार दिवसांनी कळलं. जित्या माणसाचं सुतक धरलं म्हणून आईने देवापुढे नाक घासलं. पुढे छावणी उठेपर्यंत ती दर आठवड्याला विचारायची, पत्र आलं का. यानिनाबाई मान हलवायची. तुझ्या कागदांत तिचा नवरा सापडला तर बघ. आईला वर गेल्यावर सांगता येईल.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. तुझी सासू पालाशविधी करू या म्हणते. ज्याचा देह सापडत नाही त्याची पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देतात, मग दिवस घालतात. तो झाल्याशिवाय निशांतचं श्राद्ध होत नाही, आणि श्राद्ध नाही तर त्याला घास पोचत नाही. माझं पोर दोन वर्षं उपाशी आहे, एवढं एकच वाक्य ती रोज म्हणते. पितृपक्षाआधी व्हावं अशी तिची इच्छा आहे. मी तिला सांगितलंय की शुभदाच्या होकाराशिवाय या घरात काडी हलणार नाही.

सावकाश उत्तर दे. आमचे आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते तुझ्याकडेच आहेत.

तुझा
अण्णा


अल् घुब्रा, मस्कत
१४ ऑगस्ट २०२५

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. न. वि. वि.

नको, अण्णा.

रागाने लिहीत नाही. राग यायलाही आत काही जागं लागतं. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी एक कागद घेतला आणि निशांतचे तीन रकाने केले. पहिल्यात मुजम्मिलने पाहिलेलं. तो दर वेळी त्याच शब्दांत, त्याच क्रमाने सांगतो. मसिरा बेटाच्या अलीकडे समुद्र चढला होता. निशांत इंजिनाच्या खोलीतून वर आला. स्वतःच्या हातातलं लाइफ जॅकेट त्याने आचाऱ्याला घातलं. आडवी लाट आली. मग निशांत दिसला नाही. दुसऱ्या रकान्यात काहीच नाही, कारण दुसरं कुणी काही सांगत नाही. बाकी सगळं तिसऱ्यात जातं. तो गेला, हे तिसऱ्या रकान्यातलं आहे. कुणीही पाहिलेलं नाही.

मी वाट बघते असंही नाही. आशा वगैरे मला वाटत नाही. पण जे कुणी पाहिलं नाही त्याला अग्नी द्या, असं मी माझ्या सहीने सांगू शकत नाही. आणि इराला काय सांगू? तिने त्याची चप्पल दाराशी आहे तशी ठेवली आहे. बाहेरची धूळ चढली की पुसते.

यानिनाबाईंच्या नवऱ्याचा शोध घेतला. नुसत्या नावावर काही लागत नाही. ज्यांच्या बायका वळिवड्याला होत्या असे शिपाई कागदांत आहेत, पण ती हीच का ते कळायला मार्ग नाही. ताटाची गोष्ट मात्र हालिनाला सांगितली. ती हसली आणि मग उठली. तिने मला एक हकीकत काढून दिली. स्टेफान नावाच्या शिपायाची आहे. इराकच्या वाळवंटातल्या पहिल्या नाताळला त्यांच्या तंबूत त्यांनी एक पत्र्याचा डबा रिकामा ठेवला, ज्यांच्या घरच्यांचा पत्ता नव्हता त्यांच्यासाठी. पुढे इटलीत डोंगराची लढाई झाली. त्या वर्षी प्रत्येकासाठी डबा मांडला असता तर जिवंत माणसांना बसायला जागा उरली नसती, असं तो सांगतो. मग त्यांनी पुन्हा एकच ठेवला. तो मेलेल्यांचा की हरवलेल्यांचा, हे कुणी विचारलं नाही. 

आई विचारतील म्हणून लिहिते, जेवते मी. ओट्यापाशी उभ्यानेच होतं जेवण, टेबलावर बसलं की समोरची खुर्ची दिसते. बसून जेवायला वेळही मिळत नाही असं इराला सांगितलं आहे.

अजून एक विचारते. विधी झाल्यावर माझ्या नावाआधी तुम्ही काय लिहाल? तुमच्या अक्षरात ते कसं दिसेल याचा मी परवा विचार करत होते.

नकार दिला तरी सून आहे, एवढं असू द्या.

आपली
शुभदा


कोल्हापूर
१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शुभदा हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नकार हिला वाचून दाखवला. गौरी बसल्या आहेत, त्यामुळे कामात आहे. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली आहे, गुडघ्यासाठी नव्हे, छातीसाठी. ती मला चोरून गच्चीवर कुंड्या बघायला जाते आणि मी तिला चोरून जिन्याखाली उभा राहतो.

तू नावाआधीचं विचारलंस. मी सिटी सर्व्हेत जन्मभर लोकांच्या हद्दी कायम करून दिल्या. खुंट सापडला नाही तर जुन्या खुणांवरून अंदाजे रेघ मारायची आणि खाली तसा शेरा लिहायचा, असा आमचा नियम होता. इथे शेरा काय लिहावा ते मला कळत नाही. हात आपोआप सौ. लिहितो. तू म्हणशील तोवर लिहील.

ही म्हणते त्यात माझा विश्वास किती, असं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. पानांच्या आकृतीत माझा मुलगा नाही. पण हिच्या, मंगलाच्या, पोटात जे दुखतंय ते खरं आहे, तिच्यापुरतं ते पहिल्या रकान्यातलं आहे. शाळेतून यायला निशांतला उशीर झाला की ही जेवायची नाही. अजूनही पहिला घास घेताना थांबते, मी रोज बघतो. तुझ्यावर जोर करायला हे लिहीत नाही. ऐकायला येत नाही म्हणून जास्त दिसतं, एवढंच.

उभ्याने जेवू नकोस. अंगी लागत नाही.

तुझा
अण्णा


अल् घुब्रा, मस्कत
१६ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुजम्मिलबरोबर देते आहे. तो आधी रत्नागिरीला घरी जाईल आणि मग स्वतः कोल्हापूरला येऊन तुमच्या हातात देईल. पोस्टाने पाठवायला नको वाटलं.

आईंना सांगा, करा.

कारण सांगते. गेल्या आठवड्यात एका शिपायाची हकीकत लावली. त्याचा धाकटा भाऊ रशियातल्या पहिल्या हिवाळ्यात वेगळ्या गाडीत चढवला गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. युद्ध संपलं, हा इंग्लंडात स्थायिक झाला, आई त्याच्याजवळ आली. पुढे त्याने गावच्या दफनभूमीत भावाच्या नावाचा दगड बसवला, खाली कुणीही नसताना. टेप करणाऱ्याने विचारलं की भाऊ गेल्याची खात्री झाली होती का. तो म्हणाला, खात्री झाली म्हणून नाही बसवला. आई म्हातारी झाली होती आणि तिला फुलं ठेवायला कुठेतरी जागा हवी होती, म्हणून बसवला.

हे कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळलं नाही. हालिनाला विचारलं, तिलाही नाही. कागद अजून टेबलावर तसाच आहे.

मला अजूनही काही वाटत नाही. पण आईंना वाटतं आहे, आणि त्यांना जिना चढायला बंदी झाली आहे. माझ्या न वाटण्यापायी त्यांनी का थांबावं? इराला मी सांगितलेलं नाही. नंतर सांगेन. आम्हाला यायला जमणार नाही, तिच्या परीक्षा आहेत. तुम्ही दोघं करा.

मी हो म्हटलं म्हणून मला शहाणी म्हणू नका. नेहमीसारखंच लिहा.

आपली
शुभदा


कोल्हापूर
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शुभदा हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सर्वपित्री अमावास्या झाली. जे घडलं ते लिहितो, सगळं स्वतः पाहिलेलं.

सकाळी तुझी सासू लवकर उठून स्वयंपाकाला लागली. आमच्या आईवडिलांचं पान दरवर्षी असतं, म्हणून मी काही विचारलं नाही. खीर, वडे, अळूची भाजी. गच्चीवर पान ठेवायला मी जायचं असं ठरलं होतं. मी गेलो, ठेवलं, खाली आलो. हातपाय धुऊन बाहेर येतो तर ही घरात नाही. जिना चढून वर गेलो. कठड्यावर दुसरं ताट मांडलेलं होतं. केळीचं पान नव्हे, निशांतचं स्टीलचं ताट, कडेला नाव कोरलेलं, मुंजीतलं. आणि ही हात जोडून बाजूला उभी. तुझ्या होकाराशिवाय, मलाही न सांगता, दोन वर्षं उपाशी असलेल्या पोराला तिने वाढलं होतं.

शेजारच्या टाकीवर कावळे होते. एक उतरून कठड्यावर आला. मान वाकडी करून ताटाकडे सरकायला लागला. आता शिवणार, एवढ्यात या बाईने पदर झटकून त्याला हाकललं आणि ताट उचलून पोटाशी धरलं. मी तिच्याजवळ कान नेला. ती म्हणत होती, शिवला तर मग गेलाच की हो तो.

तिला धरून खाली आणलं. खीर पायऱ्यांवर सांडत होती. ताटावर दुसरं ताट झाकून तिने ते चुलीपाशी ठेवलं, आपण उशीर झालेल्या माणसाचं ठेवतो तसं. आम्ही दोघंही दिवसभर जेवलो नाही. संध्याकाळी ते गाईला घातलं. मी रडलो, शुभदा. तिने मला पाणी आणून दिलं.

आता ती म्हणते, शुभदाला काही विचारू नका, तिचंच बरोबर होतं. मी म्हणालो, यात कुणाचंच बरोबर नसतं.

पत्र टाकायचं राहून गेलं होतं, म्हणून पुढे जोडतो. आज २६ तारीख. मुजम्मिल येऊन गेला. मंगलाने त्याला पोटभर वाढलं आणि तो खाली मान घालून जेवला. तुझं पत्र वाचलं. इथे तुझा होकार आणि हिचा नकार एकाच टेबलावर पडले आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही कळत नाही. मंगलाने तुझं पत्र देव्हाऱ्यापाशी ठेवलं आहे. तू हो म्हणालीस याचं तिला फार वाटलं. पण कर असंही म्हणत नाही आणि नको असंही. गुरुजींचा निरोप येतो, ती बघू म्हणते आणि आत निघून जाते. जेवताना पूर्वीसारखीच थांबते.

तुला उत्तर द्यावंसं वाटेल तेव्हा दे. आम्ही कुठे जात नाही.

तुझा
अण्णा


मस्कत
२६ डिसेंबर २०२५

प्रिय आजोबा आणि आजी,
सा. न. वि. वि. (हे कसं लिहायचं ते आईने सांगितलं, बाकीचं माझं आहे, म्हणून चुका असतील.)

आईने सप्टेंबरनंतर तुम्हाला पत्र लिहिलं नाही, त्यासाठी सॉरी. तिने तुमचं शेवटचं पत्र मला वाचायला दिलं. ते गच्चीचं. मला वाचायला एक संध्याकाळ लागली. मग तिने आधीची पण सगळी दिली. आता मला सगळं माहीत आहे आणि आम्ही दोघी त्याबद्दल बोलतो, थोडं थोडं.

परवा क्रिसमस ईव्हला हालिना आंटींनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्यात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायचं नाही. मी बाल्कनीत उभी राहून बघत होते. मगरिबची अजान झाली आणि लगेच चांदणी दिसली, मग सगळे आत आले. टेबलक्लॉथच्या खाली वाळलेलं गवत ठेवलं होतं. एक पातळ वेफर होतं, आपल्या पापडाइतकं पातळ, ते सगळ्यांनी एकमेकांच्या हातातलं तोडून खाल्लं. त्या दिवशी मटण-चिकन नसतं. बीटाचं सूप होतं आणि मत्रहच्या मार्केटमधला मासा. प्रत्येकाने एक डिश आणायची होती. आईने मसालेभात केला होता. बाबा गेल्यापासून तिने तो केला नव्हता. मी आता बाबा गेल्यापासून असं लिहिलं. खोडत नाही.

टेबलावर एक रिकामी प्लेट होती. आजोबा, तुमच्या वळिवड्यासारखी. ती तशीच ठेवायची असते, त्यात काही वाढत नाहीत. आईला हे माहीत होतं, तिनेच मला गाडीत सांगितलं होतं. पण मसालेभाताचं भांडं फिरत तिच्याकडे आलं, आणि ती शेजारच्यांना वाढत वाढत त्या प्लेटपाशी आली आणि तिने तिथेही वाढलं. नुसतं असं तसं नाही. आधी कडेला मीठ, मग लिंबाची फोड, मग भाताची मूद, वर तूप. आजी, तू वाढतेस तसं. तिचं लक्षच नव्हतं. सगळे तिकडे बघायला लागले. मला खूप ऑकवर्ड झालं. हालिना आंटींनी माशाचा एक तुकडा घेतला आणि हळूच भाताच्या बाजूला ठेवला. मग सगळे परत जेवायला लागले.

आईने स्वतःची प्लेट घेतलीच नव्हती. ती नुसती बसली होती. सगळ्यांचं जेवण झालं, तरी त्या प्लेटमधलं तसंच होतं. थंड झालं होतं. कुणी उचलत नव्हतं, काय करायचं ते त्यांनाही माहीत नसणार. हालिना आंटींनी आईला दुसरी प्लेट आणून दिली. आई नको म्हणाली. तिने ती प्लेट स्वतःकडे ओढली आणि त्यातलंच जेवली. सगळं संपवलं, मासा पण. हळूहळू. ती रडली नाही, मी बघत होते. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

दोन वर्षांत मी आईला बसून जेवताना पाहिलं नव्हतं. काल घरी पण ती टेबलावर बसली. बाबांच्या खुर्चीसमोर.

आजी, मसालेभातात तू काजू कधी घालतेस ते सांग. आईचे जास्त लाल झाले होते.

तुमची
इरा


कोल्हापूर
९ जानेवारी २०२६

चि. शुभदा आणि चि. इरा यांना
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इराच्या मराठीला मी शंभरपैकी ऐंशी दिले, वीस अक्षराचे कापले. काजू भात शिजत आल्यावर वरून तळून घालायचे, असा निरोप आहे. गुरुजींना मंगलाने स्वतः जाऊन सांगितलं की विधीचं आता काढू नका, आणि जिन्यावर खीर सांडली ती कुणामुळे, हे आमचं भांडणही मिटलं. पाकिटावर निशांतचं नाव आहे, या वेळी खोडलेलं नाही. तुझ्या नावाआधी मात्र माझा हात थांबला आणि मी त्याला थांबू दिलं. तुला चालत नसेल तर कळव.

इराचं पत्र मी तुझ्या सासूला वाचून दाखवलं. चष्मा असूनही ती माझ्याकडूनच वाचून घेते. चांदणी, गवत, बीटाचं सूप, सगळं निवडत असलेल्या तांदळांकडे बघत ऐकत होती. तू त्या ताटात जेवलीस हे आलं तेव्हा तिने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. त्याच ताटात का, असं विचारलं. मी म्हणालो, त्याच. दुसरं धुतलेलं देत होते ना, असं विचारलं. मी म्हणालो, देत होते, तिने घेतलं नाही.

मग तिने उरलेले तांदूळ निवडून संपवले. नंतर उठून माझ्या डाव्या कानाशी आली आणि म्हणाली, म्हणजे आधी तो जेवला.

त्या दिवशी दुपारी पहिला घास घेताना ती थांबली नाही.

उन्हाळ्यात दोघी या. आहोत तोवर तुमचेच आहोत.

तुझा
अण्णा